तांब्याचे रंग

तांब्याचा हंडा, कळशी, पळी-पंचपात्री आपण रोज पाहतो. नवे भांडे लालसर असते. पुढे ते काळपट पडते. ओलीत राहिले तर त्यावर हिरवा कळंक चढतो. दुकानातला निळा मोरचूद, त्यातही तांबेच. तांबे एक आणि रंग इतके, हे कसे?

तांब्याच्या अगदी बारीक कणाला अणू म्हणतात. अणूत त्याहूनही बारीक असे इलेक्ट्रॉन असतात. दुसऱ्या पदार्थाशी जोडले जाताना तांबे आपले इलेक्ट्रॉन देऊ करते. कधी एक, कधी दोन. एक दिला तर पहिली अवस्था, दोन दिले तर दुसरी. शास्त्रात हिला ऑक्सिडीकरण अवस्था म्हणतात. हवेतल्या ऑक्सिजनशी पहिल्या अवस्थेत लाल पदार्थ बनतो, दुसऱ्या अवस्थेत काळा. कळंक आणि मोरचूद दोन्ही दुसऱ्या अवस्थेतले. पण सोबती वेगळे, म्हणून रंग वेगळे. मोरचूद तापवला की त्यातले पाणी उडून जाते आणि तो पांढरा पडतो!

चिंच लावली की भांडे लख्ख होते. का? चिंचेच्या आंबटपणात तो काळा-हिरवा थर विरघळतो आणि धुऊन जातो. पण हेच ताकात किंवा आमटीत झाले तर? तांबे अन्नात उतरते. अन्न कळकते. ते खाल्ले की मळमळते, उलट्या होतात, पोटात कळा येतात. म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्याला कथलाची कल्हई हवी. कल्हई उडाली असेल तर त्यात आंबट ठेवू नये.

मोरचूद तर विषच आहे. पण शेतकऱ्याला तो उपयोगी पडतो. फ्रान्समधल्या मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली मोरचूद आणि चुना यांचे औषध द्राक्षवेलींच्या रोगावर सांगितले. तेच बोर्डो मिश्रण. आपल्याकडे द्राक्षांवर आणि कोकणात सुपारीवर ते फवारतात. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नये. लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्याला देते. तांबे पुन्हा मूळचे लाल होऊन बादलीला चिकटते, आणि बादली झिजते.

यातूनच एक सोपी पारख निघाली आहे. तयार मिश्रणात घासलेला विळा थोडा वेळ बुडवावा. पाते लाल झाले तर चुना कमी पडला असे समजावे आणि आणखी चुन्याची निवळी घालावी. नाहीतर पाने करपतात.

आम्ही एवढेच सांगतो, मोरचुदाची पुडी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. निळा खडा खडीसाखरेसारखा दिसतो.