नवमुस्लिमाच्या मनातील शंका आणि समाजाची जबाबदारी

इस्लाम स्वीकारण्याचा विधी अत्यंत साधा आहे. ईश्वर एकच आहे व महंमद त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष मनःपूर्वक दिली की व्यक्ती मुस्लिम मानली जाते. खरी कसोटी लागते ती त्यानंतर. अरबी भाषेतील पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, आहारातील निषेध आणि बहुधा दुरावलेले कुटुंब, हे सारे एकदम पुढ्यात येते. अशा वेळी मनात शंका उद्भवली, तर ती सांगायची कोणाला? घरच्यांना सांगावे, तर ‘आम्ही म्हणतच होतो’ हे उत्तर ठरलेले. मशिदीत सांगावे, तर निष्ठेविषयीच संशय घेतला जाण्याची भीती.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या इस्लामी अध्ययन केंद्राने २०१३ मध्ये धर्मांतरित ब्रिटिश स्त्रियांच्या अनुभवांवरील अहवाल प्रसिद्ध केला. साक्षीच्या दिवशी होणारे उत्साही स्वागत आणि पुढच्या काळातील एकाकीपणा यांतील तफावत त्यातून पुढे आली. जन्माने मुस्लिम असलेल्यांच्या दक्षिण आशियाई वा अरब चालीरीती आणि मूळ धर्म यांत भेद करणे नवागतांना जड जाते, हेही त्यातून स्पष्ट झाले.

वास्तविक शंका इस्लामी परंपरेला नवी नाही. मेलेल्यांना कसे उठवतोस ते दाखव, अशी विनंती इब्राहिम ईश्वराला करतात आणि मनाच्या समाधानासाठी हे विचारतो, असे सांगतात, ही कथा कुराणातच आहे. उच्चारणेही पाप वाटावे असे विचार मनात येतात, अशी कबुली अनुयायांनी दिली तेव्हा पैगंबरांनी त्या अस्वस्थतेलाच श्रद्धेची खूण मानले, अशी हदीस आहे. थोर धर्मचिंतक गझाली यांचा इंद्रियांच्या व बुद्धीच्या साक्षीवरील विश्वास सुमारे दोन महिने उडाला होता. तो अनुभव त्यांनी आत्मकथनात नमूद केला आहे. पुढे १०९५ मध्ये दुसऱ्या आंतरिक संघर्षातून त्यांनी बगदादच्या निजामिया विद्यापीठातील मानाचे अध्यापकपद सोडले.

आधुनिक काळातील उदाहरण अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक जेफ्री लँग यांचे. कॅथलिक कुटुंबात जन्मलेले लँग तरुणपणी नास्तिक झाले आणि १९८०च्या दशकात त्यांनी इस्लाम स्वीकारला. ‘इव्हन एंजल्स आस्क’ या १९९७ च्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांची भूमिका आहे. मानवाच्या निर्मितीविषयी देवदूतांनीही ईश्वराला प्रश्न विचारल्याचा कुराणातील प्रसंग त्यामागे आहे.

साहाय्य करू इच्छिणाऱ्याने प्रथम शंकेचे स्वरूप ओळखावे. प्रश्न बौद्धिक असेल, तर जाणकार अभ्यासकाची गाठ घालून द्यावी. ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे. अनेकदा मात्र शंकेच्या मुळाशी एकटेपणा असतो. तिथे ग्रंथापेक्षा ईदच्या जेवणाचे आमंत्रण अधिक उपयोगी पडते. आईवडिलांशी संबंध तोडण्याचा सल्ला तर कदापि देऊ नये, कारण ते मुस्लिम नसले तरी त्यांच्याशी चांगले वागण्याची शिकवण कुराणातच आहे. आचरणाचा वेगही सोसवेल इतकाच असावा. मद्यबंदीचा आदेशसुद्धा टप्प्याटप्प्याने आला होता, याचे विस्मरण होऊ नये.

वुजू नीट झाला का, नमाज मान्य होईल का, या विचारांनी दिवसाचे तासन् तास जात असतील, तर तो मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे परिणामकारक उपचार आहेत.

एवढे करूनही कोणी परत फिरला, तर? धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, हे तत्त्व कुराणात आले आहे. धर्मत्यागाच्या शिक्षेविषयी पारंपरिक शास्त्रकारांची मते कठोर असली, तरी अनेक आधुनिक विद्वान या तत्त्वाचाच आधार घेतात. निघून जाण्याची मोकळीक असेल तिथेच मनातली शंका निर्भयपणे ओठांवर येते, आणि ती ओठांवर आल्यावाचून कोणालाही साहाय्य करता येत नाही.