हट्टी नव्हे, हळव्या ज्ञानेंद्रियांची मुले

जूनमध्ये शाळेची घंटा वाजली की पहिलीच्या वर्गाच्या दाराशी रडणारी मुले दिसतात. बहुतेकांचे रडणे काही दिवसांत ओसरते. काहींचे मात्र ओसरत नाही. घंटा होताच ती कानांवर हात ठेवतात, नव्या गणवेशाची कॉलर ओढत राहतात, परिपाठाच्या रांगेत कुणाचा धक्का लागताच किंचाळतात, खिचडीच्या ताटाला हात लावत नाहीत. अशा मुलावर घरी 'लाडावलेला' आणि शाळेत 'हट्टी' असा शिक्का बसतो. प्रसंगी मारही मिळतो. वास्तविक त्याच्या मेंदूला आवाज, स्पर्श, वास, चव यांचा मेळ घालणे इतरांपेक्षा अवघड जात असते.

हे काय असते?

पाच ज्ञानेंद्रियांखेरीज शरीराचा तोल आणि हातापायांची स्थिती यांच्या संवेदनाही मेंदूकडे सतत येत असतात. त्यांतील कामाच्या निवडून उरलेल्या बाजूला सारणे हे मेंदूचे काम. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि या अभ्यासाला दिशा दिली. काही मुलांना साधी संवेदनाही तीव्र भासते. काहींना ती पुरतच नाही, म्हणून ती सतत उड्या मारतात, गिरक्या घेतात, पेन्सिल चावतात. एकाच मुलात दोन्ही लक्षणे असू शकतात.

मात्र ही लक्षणे म्हणजे संपूर्ण निदान नव्हे. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांत ती बरेचदा आढळतात. म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने केवळ संवेदनांच्या अडचणींवरून स्वतंत्र आजाराचे निदान करू नये, मुळाशी काय आहे ते तपासावे, असे सुचविले. श्रवण व दृष्टीची तपासणीही आधी करून घ्यावी.

हट्ट आणि हा त्रास यांतील एक ढोबळ फरक पालकांनी ध्यानात ठेवावा. हट्टाचे रडणे हवी ती वस्तू मिळाली की थांबते. संवेदनांचा भार असह्य झालेले मूल खाऊ देऊनही शांत होत नाही. शांत जागी नेल्यावर हळूहळू सावरते.

वर्षाचे वेळापत्रक हाताशी

शालेय वर्षातील बहुतेक कठीण प्रसंग आधी ठाऊक असतात. पालकांच्या हाती असलेले हे मोठेच साधन होय.

जून : नवा गणवेश दोन-तीनदा धुऊन मऊ करावा, आतील लेबल कापावे. शाळा उघडण्यापूर्वी मुलाला रिकामा वर्ग दाखवून आणावा. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळला की वर्गात मोठा आवाज होतो. त्याची कल्पना आधी द्यावी.

गणपती ते नवरात्र : ढोलताशे, ध्वनिक्षेपक आणि तुळजापुरातील नवरात्राची गर्दी मोठ्यांना आनंदाची वाटते, या मुलांना ती पेलत नाही. दर्शनाला कमी गर्दीची वेळ निवडावी, कानांवर रुमाल बांधावा आणि परतण्याची मुभा ठेवावी.

दिवाळीनंतर : फटाके संपतात तोच कळंब, भूम, वाशी भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल, तर त्याला काय सहन होत नाही, कशाने ते शांत होते हे त्यांना नीट समजावून सांगावे. त्याची नेहमीची गोधडी, जेवणाचे ताट आणि झोपेची वेळ बदलू नये.

जानेवारी ते एप्रिल : प्रजासत्ताक दिनाचे संचलन व स्नेहसंमेलन यांत मुलाला कडेची जागा मागावी. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू होणार असेल, तर आठवडाभर आधीपासून उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी. चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला न्यायचे झाल्यास नवरात्राचाच नियम पाळावा.

रोज शाळेपूर्वी कणीक मळणे, पाण्याची कळशी उचलणे अशी अंगमेहनतीची लहान कामे काही मुलांना स्थिर करतात. आपल्या मुलाला त्यांचा उपयोग होतो का, हे पाहून ठरवावे. खाण्याची सक्ती मात्र करू नये. ताटाच्या कडेला एखादा घास ठेवून वाट पाहावी.

शाळा आणि शासन

शिक्षकांना तक्रारीच्या सुरात न सांगता तीनच गोष्टी कळवाव्यात : कशाने त्रास होतो, त्रासाची पहिली खूण कोणती आणि तेव्हा काय करावे. घंटेपासून दूरची जागा किंवा वह्या वाटण्याचे काम यांस खर्च येत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. विकासातील विलंबही तीत पाहिला जातो. पथक येईल तेव्हा पालकांनी स्वतः हजर राहून शंका मांडावी आणि पुढील तपासणीसाठी चिठ्ठी मागावी. परंडा किंवा उमरगा येथून दूरच्या शहरातील उपचारतज्ज्ञ गाठणे खर्चिक असते. म्हणून गावातच मिळणारी ही संधी दवडू नये. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात करता येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तसे निदान झाल्यास शाळेकडून वाजवी सोयी मागणे हा मुलाचा हक्क ठरतो.

या वयात बसलेला 'हट्टी' हा शिक्का मूलही खरा मानू लागते, आणि मग शाळा नकोशी होते. ते वेळीच टाळायचे असेल, तर 'हा असा का वागतो?' याऐवजी 'याला काय सहन होत नाही?' हा प्रश्न घरात आणि वर्गात विचारला गेला पाहिजे.