घरातला तरवा : हिवाळी रोपांची प्रक्रिया व तिची परिभाषा

उत्तर अमेरिका व उत्तर युरोप ह्या शीत प्रदेशांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, बाहेरची जमीन गोठलेली असताना, टोमॅटो, मिरची आणि वांगी ह्यांचे बी घरात पसरट पेट्यांतून पेरण्याचा प्रघात आहे. त्याचे कारण उघड आहे. मिनेसोटाच्या उत्तर भागासारख्या ठिकाणी गोठत्या दवापासून मुक्त असा काळ जेमतेम चार महिन्यांचा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. बी पेरल्यापासून टोमॅटोचे पहिले फळ पिकेपर्यंत मात्र साडेतीन-चार महिने सहज लागतात. तेव्हा रोपाचे बाळपण घरात काढावयाचे व त्याला वाढत्या वयात वाफ्यात न्यावयाचे, ह्याखेरीज तेथील बागाइतास गत्यंतर नसते. ह्या क्रियेविषयी मराठीत लिहिण्याची वेळ आली म्हणजे इंग्रजी संज्ञांचे शब्दशः रूपांतर करून 'अंतर्गृह बीजारंभ' यांसारखे प्रयोग घडविण्याचा मोह होतो. तो अनाठायी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. क्रिया परकी दिसली तरी तिचे बहुतेक शब्द मराठीत पूर्वीपासूनच नांदत आहेत.

कोकणातील भातशेतीकडे पाहावे. तेथे अपुरा पडतो तो उबेचा काळ नव्हे, पावसाचा. पण युक्ती तीच आहे. लहानशा जागेत बी दाट पेरून रोपे वाढवावयाची आणि शेतात पुरेसे पाणी झाले म्हणजे ती उपटून चिखलात लावावयाची. ह्या रोपांना 'तरवा' म्हणतात. ठाणे-रायगडकडे रोपांची जागा पालापाचोळा, शेण व कवळे जाळून भाजून घेतात, तो 'राब'. पुढची क्रिया कोठे 'लावणी', तर कोठे 'आवणी'. 'रोप' हा शब्द तर संस्कृत 'रुह्' ह्या वाढणे-अर्थी धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला आहे. म्हणजे रोप हे नुसते उगवलेले नव्हे, कोणीतरी उगवविलेले.

तारीख ठरविण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच आढळते. कोकणात रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे सुमारे २५ मे झाली, की धूळवाफेची पेरणी करतात व तीन-चार आठवड्यांच्या तरव्याची लावणी पुढील नक्षत्रांत येते. (रोहिणीचा संबंधही 'रुह्' धातूशी जोडण्याची हौस अनेकांना असते. परंतु 'रोहित' म्हणजे तांबडा, ह्याचे ते पाणिनीय नियमाने सिद्ध होणारे स्त्रीरूप आहे, आणि त्या नक्षत्रातील तारा तांबूस आहे हे डोळ्यांनाही दिसते.) जर्मन भाषी प्रदेशात हेच काम संतांच्या नावांवर सोपविलेले आहे. ११ ते १५ मे ह्या दिवसांना तेथे 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाचे संत, असे म्हणतात. त्यांतील शेवटची सोफी. ती गेल्यावाचून नाजूक रोपे बाहेर लावू नयेत, असा संकेत आहे. १५८२ मध्ये पंचांगसुधारणेत दहा दिवस गाळले गेले. त्यामुळे हा संकेत त्याहून जुना असेल, तर त्याचे मूळ दिवस आजच्या गणनेने मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडतात. सावध बागाईत म्हणूनच आणखी आठवडाभर थांबतो.

घरातील पेरणीचा दिवस ह्या शेवटच्या दवाच्या तारखेपासून मागे मोजून काढावयाचा असतो. टोमॅटोस सहा ते आठ आठवडे, मिरची-वांग्यास आठ ते दहा. कोबी थोडी थंडी सोसतो, त्यामुळे तो त्या तारखेच्या आधीही बाहेर जाऊ शकतो. जितके लवकर तितके चांगले, हा समज मात्र चुकीचा आहे. फार लवकर पेरलेले रोप घरात अडकून पडते व लांबट होते.

बी रुजण्यास ऊब लागते. टोमॅटो-मिरचीस २५ ते ३० अंश सेल्सियस मानवते. कोंब वर येताच गरज बदलते व ऊब किंचित कमी, पण प्रकाश पुष्कळ हवा असतो. हिवाळ्यात खिडकीतून येणारा उजेड माणसास पुरेसा वाटला तरी रोपास अपुरा असतो, आणि रोप त्या एका बाजूस झुकून काडीसारखे वाढते. ह्या झुकण्याचा अभ्यास चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस ह्यांनी १८८० च्या ग्रंथात मांडला होता. प्रकाश जाणला जातो तो कोंबाच्या टोकाशी, हे त्यांनी दाखविले. व्यवहारात रोपांच्या माथ्यावर वीतभर किंवा त्याहून कमी अंतरावर दिवे टांगून ते दिवसाचे चौदा ते सोळा तास चालू ठेवतात.

परिभाषेचा प्रश्न खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो तो रोगाच्या बाबतीत. कोवळी रोपे मातीलगत कुजून एका रात्रीत आडवी होतात. इंग्रजीत ह्या रोगाचे नाव ओलीवरून पडले आहे. जर्मनमध्ये त्याला 'उमफालक्रांकहाइट', म्हणजे पडण्याचा रोग, असे म्हणतात. आपला शेतकरी 'रोपे कोलमडली' असे म्हणतो. इंग्रजी नाव कारण सांगते, तर जर्मन व मराठी नावे रूप सांगतात. पिथियम व रायझोक्टोनिया ह्यांसारखे सूक्ष्मजीव सततच्या ओलीत व कोंदट हवेत रोपाच्या बुंध्यावर हल्ला करतात. हे पाहता इंग्रजी नावच अधिक उपयुक्त, असे एखाद्यास वाटेल. पण मराठीत एक भेद असा आहे की जो नवशिक्यास वाचवू शकतो. तहानलेले रोप 'मान टाकते'. त्याचा बुंधा उभा असतो, वाकतो तो शेंडा व पाने. रोगट रोप 'कोलमडते'. ते बुंध्यातूनच मोडते. पहिल्यास पाणी हवे, दुसऱ्याच्या पेटीत पाणी घालणे म्हणजे उरलेली रोपेही गमावणे. परदेशी राहणारी मराठी मंडळी खिडकीत मिरचीची रोपे करतात, तेव्हा दोन्ही अवस्थांना 'सुकली' असा एकच शब्द लावला की हात पाण्याकडे जातो. 'मर' हा शब्दही येथे नको, कारण तो वाढलेल्या झाडांच्या वेगळ्या रोगासाठी रूढ आहे.

मराठीत खरोखर उणीव आहे ती एका मधल्या क्रियेची. पहिली खरी पाने दिसू लागताच दाट पेटीतील प्रत्येक रोप उचलून वेगळ्या कुंडीत लावतात. उचलताना ते पानाला धरावयाचे, बुंध्याला नव्हे. पान गेले तर नवे येते, बुंधा चिरडला तर रोप गेले. जर्मन ह्यास 'पिकीरेन' म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ टोचणे. आपल्याकडे रोपे वाफ्यातून थेट शेतात जातात, त्यामुळे ह्या क्रियेस नाव पडण्याचे प्रयोजनच नव्हते. 'टोचणी' किंवा 'टोकणी' असे भाषांतर घातक होईल, कारण 'टोकणे' हे मराठीत बियाचे आहे, रोपाचे नव्हे. 'विरळणी'त जादा रोपे काढून टाकली जातात. 'मधली लावणी' असे साधे नाव चालण्यासारखे आहे.

बाहेर नेण्यापूर्वी सात ते दहा दिवस रोपांना रोज थोडा अधिक वेळ सावलीत, मग उन्हात ठेवतात व पाणी कमी करतात. पानावरील मेणचट थर जाड होतो, वाढ मंदावते. येथे नवा शब्द मुळीच नको. लागणीपूर्वी पाणी तोडून रोपे 'काटक' करणे हे आपल्या भाजीच्या मळ्यात चालतच आले आहे. फरक एवढाच की येथे ती उन्हासाठी काटक करावयाची, तेथे ऊन, वारा व थंडी ह्या तिन्हींसाठी.

कोणते बी घरात पेरू नये, हेही क्रियापदच सांगते. मिरची, वांगी, कोबी आपण 'लावतो'. मेथी व कोथिंबीर 'पेरतो', मुळा पेरतो किंवा टोकतो. ह्यांचे सोटमूळ हलविणे सोसत नाही. हलविलेला मुळा वाकडा, फाटे फुटलेला निघतो, कोथिंबीर लवकर फुलावर येते. भात व कांदा दोन्ही क्रियापदे घेतात, कारण ते दोन्ही प्रकारे करता येतात, आणि म्हणूनच 'पेरभात' असा वेगळा शब्द करावा लागला.