भिंत घालण्यापूर्वी घराची मोजणी

फायरवॉल हा शब्द संगणकवाल्यांनी इमारती बांधणाऱ्यांकडून उसना घेतला आहे. दोन गोदामांच्या मध्ये जाड भिंत घालतात. हेतू हा, की एकाला आग लागली तर ती दुसऱ्यात शिरू नये. संगणकांच्या जाळ्यात हे काम एक सर्व्हर करतो. माहितीचे प्रत्येक पाकीट त्याच्यापुढून जाते. ते कोठून आले, कोठे निघाले, कोणत्या कामाचे, हे पाहून तो नियमांच्या यादीप्रमाणे ते सोडतो किंवा अडवतो. ही यादी मात्र त्याला आपणच द्यावी लागते. आपल्या जाळ्याची पुरती माहिती नसेल, तर ती यादी नुसत्या अंदाजाची होते.

आपले जाळे किती दूरवर पोचलेले असते, याचा दाखला नवी मुंबईच्या शेजारीच आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम ठप्प झाले. संगणक बंद पडल्यामुळे कोणता माल कोणाचा, हे कळेना. हा उपद्रव निघाला होता युक्रेनमधून. तेथे कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम पसरला. या टर्मिनलशी संबंधित असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीला नंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

आता यातले मर्म पाहा. हा चोर कुलूप फोडून आला नाही. हिशेबाच्या कामासाठी रीतसर उघड्या ठेवलेल्या दारातून तो आत आला आणि मग एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत गेला. म्हणून केवळ बाहेरच्या वेशीवर भिंत घालून भागत नाही. आत कोण कोणाशी बोलतो, हेही आधी ठाऊक हवे.

समजा, तुर्भ्याला मालवाहतुकीची एक कचेरी आहे आणि तिला फायरवॉल सर्व्हर बसवायचा आहे. यंत्र मागवण्याआधी एक मोठा कागद घ्यावा आणि मालकाची लेखी परवानगी घेऊन मोजणीला निघावे.

पहिली नोंद वेशीची. इंटरनेटची तार कोणत्या कंपनीची, किती वेगाची, कोणत्या राउटरला येते, आणि त्या राउटरचा परवलीचा शब्द कोणाजवळ आहे? एखादी दुसरी तार किंवा कोणी सोयीसाठी लावलेले मोबाइलचे डोंगल आहे का? ते राहिले, तर पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते.

दुसरी नोंद पत्त्यांची. प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते घरगुती वापराचे. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. आपल्याकडे यांपैकी कोणते आहेत, कायमचे कोणाला दिले आहेत, रोज वाटले जाणारे कोण वाटतो, हे लिहावे. बाहेरून मिळालेला पत्ता वेगळा टिपावा.

तिसरी नोंद शिरगणतीची. संगणक सगळे मोजतात. पण छपाईयंत्र, हजेरीचे यंत्र, पहाऱ्याचे कॅमेरे, वजनकाट्याचा जुना संगणक, हे विसरतात. तीही जाळ्यातलीच माणसे, बरे का! स्विचमध्ये खोचलेली प्रत्येक तार हाताने धरून तिच्या टोकापर्यंत जावे.

चौथी नोंद दारांची. संगणकाच्या भाषेत दाराला पोर्ट म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, नावावरून पत्ता शोधण्यासाठी ५३, फायली वाटून घेण्यासाठी ४४५, दुरून संगणक चालवण्यासाठी ३३८९. नॉटपेट्या आत पसरला, त्यात ४४५ या दाराचा मोठा वाटा होता. कोणत्या यंत्राला कोणते दार खरोखर लागते, हे त्या त्या खात्यातल्या माणसाला विचारून लिहावे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा दुरुस्तीवाला बाहेरून आत येत असेल, तर तो केव्हा आणि कोणत्या वाटेने येतो, तेही.

पाचवी नोंद वर्दळीची. ऐन गर्दीच्या तासाला किती माणसे काम करतात, किती माहिती ये-जा करते, यावर सर्व्हरची ताकद ठरते. त्याला निदान दोन नेटवर्क कार्डे लागतात. कोणते बाहेरच्या तारेला आणि कोणते आतल्या, हे आधीच ठरवावे.

नवी मुंबईकराला नोड हा शब्द नवा नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर असे वेगवेगळे नोड आखून सिडकोने हे शहर वसवले. जाळ्याचेही तसेच भाग पाडावे: हिशेबखाते एकीकडे, कॅमेरे दुसरीकडे, पाहुण्यांचे वायफाय तिसरीकडे. मग सर्व दारे बंद धरून, कागदावर जेवढी कामाची ठरली तेवढीच उघडावी. बदल सुटीच्या दिवशी करावा आणि जुनी मांडणी परत आणता येईल अशी जपून ठेवावी.

सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची खबर कळल्यापासून ६ तासांच्या आत द्यावी लागते आणि नोंदवह्या १८० दिवस राखाव्या लागतात. ज्याच्याजवळ नकाशाच नाही, तो सहा तासांत काय सांगणार?

शेवटची सूचना लहानशी आहे. हा नकाशा केवळ संगणकात ठेवू नका. संगणक बंद पडले की तोही गेला. कागदावरची एक प्रत कुलपात असू द्या, आणि नवे यंत्र आले की त्याच दिवशी तीवर भर घाला.