रंगामागचा पुरावा

नर्मदेकाठी वसलेले जबलपूर हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच ते संरक्षण साहित्याच्या कारखान्यांसाठीही ओळखले जाते. येथील गन कॅरेज फॅक्टरी 1904 साली सुरू झाली. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, उभा राहिला. अशा शहरातील एखाद्या कारागिराला त्याच युद्धातील लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती करावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानाचा आकार उभा करणे फारसे अवघड नसते. खरा प्रश्न त्यानंतर येतो. या विमानाला कोणता रंग द्यावा आणि त्यावर कोणती चिन्हे काढावीत?

समजा, त्याने 1944 सालचे हरिकेन विमान निवडले आहे. त्या वर्षी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, स्क्वाड्रन लीडर अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली, इंफाळ येथून जपानी सैन्याविरुद्ध लढत होती. या विमानाचा रंग हा शोभेचा विषय नव्हता. वरची बाजू गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी पट्ट्यांनी रंगवलेली असे. त्यामुळे वरून पाहणाऱ्या शत्रूला ते जंगलात आणि जमिनीत मिसळल्यासारखे दिसे. पोटाकडील भाग फिका ठेवला जाई, म्हणजे खालून पाहताना ते आकाशाच्या उजेडात लपून जाई. शत्रूची नजर चुकवणाऱ्या या रंगयोजनेला छद्मावरण म्हणतात. बोलीभाषेत तिलाच कॅमोफ्लाज असे नाव आहे.

छद्मावरण विमानाला लपवते, तर चिन्हे त्याची ओळख देतात. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत, आणि पूर्वेकडील युद्धात त्यांचा संघर्ष जिवावर बेतणारा ठरला. ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरील गोल चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका होता. जपानी विमानांवर तर लाल सूर्यबिंब हेच राष्ट्रचिन्ह होते. क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या वैमानिकाला किंवा तोफचीला दुरून केवळ लाल रंग दिसे, आणि आपल्याच माणसाचे विमान शत्रूचे समजून पाडले जाण्याचा धोका निर्माण होई. अमेरिकेने मे 1942 मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका काढून टाकला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांच्या चिन्हांतूनही 1943 पासून लाल रंग हटवण्यात आला. त्या जागी गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका आला. म्हणून इंफाळच्या हरिकेनवर लाल ठिपका रंगवणारा कारागीर केवळ रंगाची चूक करत नाही. ज्या कारणासाठी तो रंग पुसला गेला, ते कारणच तो पुसून टाकतो.

हे सर्व जाणून घेण्याचे पहिले साधन म्हणजे छायाचित्र. परंतु त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि करड्या छटेवरून मूळ रंग ओळखणे फसवे असते. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल रंग मध्यम करडा होतो. त्यामुळे चिन्हातील करडा ठिपका मुळात लाल होता की फिकट निळा, हे एका छायाचित्रावरून ठरवता येत नाही. छायाचित्र केव्हा आणि कोठे घेतले, हे आधी पाहावे लागते. प्रखर ऊन आणि मोसमी पाऊस यांनी रंग उडालेला असतो, ही बाबही ध्यानात ठेवावी लागते.

दुसरे साधन म्हणजे लेखी नोंदी. स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवहीत आणि वैमानिकाच्या उड्डाणवहीत तारीख, कामगिरी आणि विमानाचा अनुक्रमांक लिहिण्याची पद्धत होती. तोच अनुक्रमांक विमानाच्या अंगावर रंगवलेला असे. वहीतील क्रमांक आणि छायाचित्रातील क्रमांक जुळले, तर ठरावीक दिवशी ठरावीक माणूस कोणत्या विमानातून उडाला, हे सांगता येते.

तिसरे साधन म्हणजे जतन केलेले प्रत्यक्ष विमान. दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि नॅट ही विमाने पाहायला मिळतात. आकार, सांधे आणि मोजमापे यांसाठी हा उत्तम पुरावा होय. मात्र जतन करताना विमान पुन्हा रंगवले गेलेले असू शकते. म्हणून त्याच्या आजच्या रंगाला युद्धकाळातील छायाचित्राचा आधार मिळतो का, हे तपासणे आवश्यक असते.

नंतरच्या काळातही ही सावधगिरी सुटत नाही. 1950 पासून भारतीय विमानांवर केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचे गोल चिन्ह आले. 1965 च्या युद्धात नॅट विमाने चकचकीत धातूच्या रंगाची होती. 1971 च्या युद्धात त्यांवर छद्मावरण होते. नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात जे मिग-21 बनत असे, तेही आरंभी धातूच्याच रंगाचे होते. 1971 मध्ये युद्धाची चाहूल लागताच अनेक मिग विमाने स्क्वाड्रनच्या तळांवरच घाईने हिरव्या आणि तपकिरी रंगांनी रंगवली गेली. परिणामी पट्ट्यांची आखणी सर्वत्र सारखी राहिली नाही. एका मिगचा नमुना पाहून दुसरे रंगवणे येथे चालत नाही.

पुरावा हाती आल्यावर प्रमाणाचा विचार येतो. अशा प्रतिकृती बहुधा 1:72 या प्रमाणात असतात. हरिकेनच्या पंखांचा विस्तार सुमारे 12.19 मीटर होता. प्रतिकृतीत तो जवळपास 17 सेंटिमीटर होतो. ही प्रतिकृती 30 सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे 21.6 मीटरवरून पाहण्यासारखे आहे. अंतर वाढले की हवेमुळे रंग फिकट भासतो. म्हणूनच अनेक कारागीर मूळ रंगात किंचित पांढरा मिसळतात.

एवढे कष्ट कशासाठी, असे कोणी विचारील. विमानावरील अनुक्रमांक एखाद्या खऱ्या वैमानिकाच्या उड्डाणाशी आणि कधी कधी त्याच्या मृत्यूशी जोडलेला असतो. चुकीचा क्रमांक लिहिला, तर एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून जाणता कारागीर प्रतिकृतीसोबत एक छोटी वही ठेवतो. प्रत्येक रंगापुढे त्याचा आधार लिहितो, आणि जेथे आधार मिळाला नाही, तेथे 'अनुमान' असा शब्द लिहितो. पुढे नवे छायाचित्र हाती आले, तर कोणता रंग बदलायचा, हे त्याला त्या वहीवरून लगेच कळते.