‘आता नक्की फिक्स’

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात वर उड्डाणपूल, खाली कोंडी. आसपासच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत सकाळची मीटिंग उशिरा सुरू झाली, तर कारण कुणी विचारत नाही. कोडमधल्या बदलाचं कारणही विचारत नसत, हा किस्सा घडेपर्यंत.

एका ऑफिसात टोमॅटो व्यापाऱ्यांसाठी वजनाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं. त्यात एक ओळ होती: दर क्रेटमागे दोन किलो वजा. नवा मुलगा चक्रावला. ओळ कुणी, कोणत्या बदलात लिहिली ते दाखवणारं ‘गिट ब्लेम’ त्यानं लावून पाहिलं. कमिट मेसेज होता ‘फिक्स’. त्यामागोमाग ‘फिक्स 2’, मग ‘आता नक्की फिक्स’. लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलेला. मुलानं ओळ उडवली, पुल रिक्वेस्टमध्ये ‘अनावश्यक कोड काढला’ एवढंच लिहिलं, आणि तपासणाऱ्यानं घरी जायच्या घाईत ‘एलजीटीएम’ (‘मला ठीक दिसतंय’) ठोकून मर्ज केलं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन: रिकाम्या क्रेटलाही टोमॅटोचा भाव लागतोय!

ओळ परत आली. या वेळी मेसेज होता, ‘वजनातून रिकाम्या क्रेटचं वजन वजा करा’. खाली एक ओळ मोकळी सोडून कारण: काट्यावर क्रेटसकट माल चढतो. बदल काय केला ते डिफ दाखवतोच. काट्यावर काय चढतं, हे त्याला कुठून कळणार?

कारण लिहून ठेवायची ही सवय मोठ्यांनाही आहे. लिनक्स आणि गिट घडवणाऱ्या लिनस टोर्व्हल्ड्सनं 16 एप्रिल 2005 रोजी लिनक्सचा कोड गिटमध्ये आणला, तेव्हा जुना इतिहास मुद्दाम मागे ठेवला. का, तेही त्याच कमिटमध्ये लिहिलं: इतिहास आहे, पण आणला तर सुमारे 3.2 जीबी होईल, आणि गिटचे सुरुवातीचे दिवस उगाच अवघड होतील. हवा तर नंतर त्याचा वेगळा संग्रह करू. आजही जुन्या ओळीचा माग काढत जाणारा त्या कमिटपाशी अडतो, आणि पुढचा रस्ता का नाही याचं उत्तर त्याला तिथंच मिळतं. याच माणसानं 2012 मध्ये गिटहबवरच्या पुल रिक्वेस्ट घ्यायला साफ नकार दिला होता. वर्णनं अपुरी, ओळी लांबलचक, ही त्याची तक्रार. जरा तिरसट वाटतं, पण मला पटतं.

द्वारकेच्या ऑफिसात टोर्व्हल्ड्स नाही, टेस्टिंगच्या मॅडम आहेत. पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात त्यांनी ‘का?’ असा रकाना घातलाय. तो भरल्याशिवाय त्या पुढचं वाचत नाहीत. परवा एकानं त्यात लिहिलं, ‘सरांनी सांगितलं म्हणून’.

ती रिक्वेस्ट अजून मर्ज झालेली नाही.