पद्मिनीच्या गंजलेल्या बंपरवर पुन्हा क्रोम कसा चढतो?

करंजासारख्या बंदराच्या गावात खाऱ्या हवेचा पहिला फटका गाडीच्या क्रोमला बसतो. दारात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असेल, तर बंपरवर आधी तपकिरी ठिपके येतात, मग पापुद्रे सुटतात.

गंमत म्हणजे वरचा क्रोम सहसा एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. पत्र्याला खरं वाचवतो तो त्याखालचा निकेलचा थर. त्याला छिद्रं पडली की खारं पाणी थेट लोखंडापर्यंत पोचतं. म्हणून नुसता वरून क्रोम चढवून भागत नाही.

आधी बंपर उतरवून जुना मुलामा रसायनाने काढतात. मग डेंटिंग: चेपलेला पत्रा ठोकून वर आणायचा, सडलेला भाग कापून वेल्डिंग करायचं. इथे पुट्टी चालत नाही. मुलामा विजेवर चढतो आणि पुट्टीतून वीज जात नाही. पुढे बफिंग, तांबं, पुन्हा बफिंग, निकेल आणि शेवटी क्रोम. तांबं बारीक ओरखडे भरतं. खड्डा राहिला तर मात्र तो चकाकीत आणखी उठून दिसतो.

हे घरी करायचं काम नव्हे. पारंपरिक क्रोमच्या टाकीतल्या हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे कॅन्सर होऊ शकतो.

कुर्ल्यातलं पद्मिनीचं उत्पादन कधीच थांबलंय, त्यामुळे मूळ बंपर भंगारात देण्याची घाई नको. पण प्रत्येक घासणीत पत्रा थोडा झिजतो, हेही खरं. बंपर परत आला की आतल्या बाजूला गंजरोधक रंग मारून घ्यावा. तिथे मुलामा कमी चढतो आणि गंजाची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.